दोन जैनब

अरबी कथा म्हटली कीं आमच्या सुशिक्षित घरांतून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या सुरस व चमत्कारिक गोष्टींचेंच स्मरण व्हावें, हें साहजिक आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अरबी भाषेंत एक निराळीच प्रेमकथा जन्मास आली. तींत जिन्न नव्हते, माणसें होतीं. तिच्या जन्मकाळाविषयींचा एक समज साहित्येतिहासकारांनीं वर्षानुवर्षें घोकला आहे. त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

समज असा : अरबींतील पहिली खरी कादंबरी म्हणजे महंमद हुसेन हैकल यांची ‘जैनब’, प्रसिद्धि १९१३ च्या सुमारास. जैनब ही ईजिप्तमधील शेतमजूर मुलगी. तिचें मन इब्राहिमवर जडलेलें. घरचीं माणसें तिला हसनच्या गळ्यांत बांधतात. इब्राहिम लष्करांत जाऊन सुदानांत पोंचतो व ही क्षयानें मरते. पुस्तक चांगलें आहे. खेड्याचें चित्र मन लावून काढलें आहे, आणि संवादांत बोलभाषा घालण्याचें धैर्यहि आहे. परंतु चांगलें म्हणजे पहिलें नव्हे.

हैकलांच्या आधीं चौदा वर्षें, १८९९ मध्यें, मूळच्या दक्षिण लेबाननांतील व ईजिप्तांत स्थायिक झालेल्या जैनब फव्वाज या विदुषीची ‘हुस्न अल्-अवाकिब’ ही कादंबरी निघाली. तींतील नायिका फारिआ लादलेल्या विवाहास ठाम नकार देते. १९०६ मध्यें न्यूयॉर्क येथें अफीफा करम यांची ‘बदीआ व फुआद’ निघाली. त्याहि पूर्वीं, १८७० त, सलीम अल्-बुस्तानी यांची प्रेमकथा बैरूतच्या ‘अल्-जिनान’मधून क्रमशः येत होती.

यावर पंडित म्हणतील, ‘ह्या जुन्या कथांत योगायोग फार, उपदेश फार; त्यांस कादंबरी कसें म्हणावें?’ मग प्रियकराचा रुमाल जवळ घेऊन प्राण सोडणाऱ्या नायिकेस काय म्हणावें? एकाच गुणास पुरुषाच्या पुस्तकांत उत्कटता व स्त्रीच्या पुस्तकांत भाबडेपणा म्हणणें, ही समीक्षा नव्हे, पंक्तिप्रपंच आहे.

आणखी एक मौज पाहा. हैकल व्यवसायानें वकील. कादंबरीकार म्हणून नांव झाल्यास वकिलीस बाध येईल, या भीतीनें त्यांनीं ‘मिसरी फल्लाह’ म्हणजे ‘ईजिप्ती शेतकरी’ अशी सही केली. स्वतःचें नांव घातलें तें १९२९ च्या आवृत्तीवर. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. तेव्हां कादंबरीची प्रतिष्ठाच तेवढी होती. परंतु ज्या अपत्यास बापानें आधीं नांव दिलें नाहीं, त्यासच पुढें ज्येष्ठ ठरवावें, हा न्याय विलक्षण खरा!

‘पहिलें कोण, याचा एवढा वाद कशास?’ असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. पहिलेपणाचा टिळा ज्यास लागतो तें पुस्तक शिकविलें जातें, पुनःपुन्हां छापलें जातें; ‘जैनब’वर तर १९३० त मूक चित्रपटहि निघाला. बाकीच्यांच्या वांट्यास ग्रंथालयांतील धूळ येते. अलीकडे कित्येक अभ्यासकांनीं ही चूक उघड केली आहे. तरी संक्षिप्त इतिहासांतून जुनें वाक्य अद्याप हलत नाहीं.

जग कोणती जैनब लक्षांत ठेवतें, हेंहि वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. मुकाट्यानें बोहल्यावर चढून मरणारी जैनब सर्वांच्या मुखीं राहिली; ‘नाहीं’ म्हणणारी नायिका जिनें लिहिली, ती जैनब मात्र विस्मरणांत गेली.