आजी, ओटीपी आणि लॉकडाऊन : घरातल्या डिमेन्शियात तुमचा फोन कुठे कामाचा, कुठे नाही?

फेब्रुवारी २०२१. अकोला आणि मूर्तिजापूरसोबत आमच्या अकोटमध्येही पुन्हा लॉकडाऊन लागला होता. एके दिवशी पहाटे उठून बघतो तर आजीची खाट रिकामी! मी लगेच मोबाईल काढला, कारण तिच्या फोनवर लोकेशन शेअरिंग मीच सुरू करून ठेवलं होतं. मॅपवरचा ठिपका आमच्याच घरावर होता. फोन देवघरात आणि आजी रस्त्यावर. शेवटी दूधवाल्या काकांनी तिला हात धरून परत आणलं. नरसिंग महाराजांच्या मंदिराकडे निघाली होती. मास्क लावलेल्या माझ्याकडे बघून म्हणते, "तू कोनाचा पोट्टा व्हय रे बाप्पा?"

आजीला डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश. हा म्हातारपणाचा साधा विसराळूपणा नाही. यात मेंदूच्या पेशींचं नुकसान होत जातं आणि आठवण, बोलणं, दिशा, रोजची कामं सगळंच हळूहळू सुटतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा आजार आहे. तुमच्या गल्लीतही एखादं असं घर असेलच.

सगळं फोनवर आलं, पण कोणासाठी?

कोरोनाकाळात सरकारने बऱ्याच सोयी वेगाने ऑनलाईन आणल्या. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. आमच्यासाठी हे मोठं काम होतं. अकोला इथून साधारण ४५ किलोमीटर, गाड्या बंद, आणि अकोट-अकोला रेल्वे तर गेज बदलामुळे आधीपासूनच बंद होती.

पण व्हिडिओ कॉलवर डॉक्टर बोलायला लागले की आजी फोन उलटा करून मागे माणूस शोधायची! इथेच खरी गोची आहे. बहुतेक ॲप असं धरून चालतात की समोरच्याला ओटीपी दोन मिनिटं लक्षात राहील आणि कोणतं बटण दाबायचं ते कळेल. डिमेन्शियात नेमकं तेच जातं.

कोविन पोर्टलवर एका मोबाईल नंबरवरून चार जणांची नोंदणी करता यायची, म्हणून आजीची नोंदणी माझ्या नंबरवरून झाली. ही छोटीशी सोय नसती तर तिची लस आणखी लांबली असती. केंद्रावर न जाऊ शकणाऱ्यांना घरी लस देण्याची परवानगी केंद्राने दिली ती मात्र २३ सप्टेंबर २०२१ ला. तोवर साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू होऊन सहा महिने उलटले होते.

म्हणजे डिमेन्शियात ॲपचा खरा वापरकर्ता पेशंट नसतो, त्याला सांभाळणारा असतो. सोयी त्याला धरून बनायला हव्यात.

मग आपण आज काय करायचं?

पुढची साथ यायची वाट बघू नका. पेशंटच्या गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट आणि आधारचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. डॉक्टरांच्या कॉलआधी त्रासाची वेळ आणि प्रकार लिहून घ्या. लोकेशनवर विसंबू नका. आजीच्या लुगड्याला आता माझ्या नंबरची कापडी पट्टी शिवलेली आहे, तिला चार्जिंग लागत नाही. आणि वयस्कर माणसाचा गोंधळ एकाएकी वाढला तर ताप नसला तरी डॉक्टरांना विचारा. कोरोनात अनेक वृद्धांमध्ये पहिलं लक्षण हेच होतं.

आणखी एक. आजीच्या गमतीशीर बोलण्याचे रील बनवायचा मोह मलाही झाला होता. पण ती 'हो' म्हणाली तरी कशाला हो म्हणतेय हे तिला कळत नाही. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, स्टेटसला नको.

सांभाळणाऱ्याचं काय?

त्या महिन्यांत मी फोन सांभाळला, आजीला मात्र आईने. रात्री तीन-तीनदा उठायची. एकदा ओट्याशी उभ्याउभ्याच रडताना दिसली. तिच्यासाठी कोणतं ॲप शोधावं तेच मला कळेना. आज मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही मोफत. जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा सांभाळणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रमही फुकट मिळतो. हे नंबर आजच आईच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

पण आईला त्या वेळी सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला, सांगू? मी फोन खाली ठेवून रोज दुपारी दोन तास आजीजवळ बसायला लागलो त्याचा. ते दोन तास आई झोपायची.