आधी मध्यस्थ, मग वकील

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मराठी घरात लहानपणापासून कानावर पडतं. तरीही केंब्रिजमध्ये शेजाऱ्याशी बिनसलं की बरीच मंडळी आधी महिनोन्‌महिने मुकाट सोसतात आणि मग एक दिवस थेट कौन्सिलकडे तक्रार ठोकतात. मधला रस्ता उघडा असताना ही घाई कशासाठी?

मिल रोडच्या आसपासच्या जुन्या घरांच्या रांगा पाहाव्यात. दोन कुटुंबांत एकच भिंत. पलीकडे कुणी धाडधाड जिना उतरलं की अलीकडे कळतं. ॲडनब्रुक्स रुग्णालयात रात्रपाळी करून आलेली नर्स सकाळी झोपायला जाते आणि त्याच वेळी शेजारी ड्रिल सुरू होतं. दोघांचंही काही चुकलेलं नसतं, आणि म्हणूनच असा तंटा चिघळतो.

चिघळला की काय होतं? लंडनच्या चेल्सी भागात वरच्या फ्लॅटमध्ये लाकडी जमीन घातली गेली आणि खालच्यांना पावलांचा आवाज सोसवेना. प्रकरण अपील न्यायालयात पोहोचलं. २०१२ मध्ये खालचे हरले. तोवर खर्च सुमारे १,४०,००० पौंडांवर गेला होता. यातल्या किरकोळ रकमेत मध्यस्थीनं वाद मिटला असता, असं न्यायमूर्ती जॅक्सन यांनी सुनावलं. शिवाय घर विकताना ‘टीए६’ अर्जात शेजाऱ्यांशी झालेले वाद नोंदवावे लागतात. तिथे ‘मिटला’ असं लिहिता येणं केव्हाही बरं.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो आधी दोन्ही घरांचं म्हणणं वेगवेगळं ऐकतो, मग त्रयस्थ जागी दोघांना समोरासमोर बसवतो. कागदावर उतरतं ते साधंच: रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नाही, रविवारी ड्रिल अकराच्या आधी नाही. ‘आम्ही का नमतं घ्यायचं?’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की पटलं नाही तर उठून जायची मुभा दोघांनाही असते. २००७ मध्ये महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा बांधावरची भांडणंसुद्धा गावातच मिटवायला लोक बसले. केंब्रिजकरांना एवढंही जड जावं?

कचेऱ्यांत तर नुकसान डोळ्यांत भरण्याजोगं आहे. कामाच्या ठिकाणच्या संघर्षापायी ब्रिटनमधल्या मालकांना वर्षाला २८.५ अब्ज पौंडांचा फटका बसतो, असा अंदाज नोकरीतले तंटे मिटवायला मदत करणाऱ्या ‘एकास’ या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये मांडला. तरी अनेक ठिकाणी दोन सहकाऱ्यांचं बोलणं तुटलं, की हातात थेट तक्रारीचा फॉर्म दिला जातो आणि मग ईमेलच्या पुराव्यांची जमवाजमव सुरू होते.

पण मध्यस्थी म्हणजे तक्रारी गाडायचा खड्डा नव्हे. मारहाण, धमक्या, वंशद्वेषी शिवीगाळ, लैंगिक छळ यांत समेटाचा आग्रह धरणं म्हणजे पीडिताला दुसऱ्यांदा छळणं. तिथे पोलीस आणि कायदाच हवा.

म्हणून मागण्या तीन. घरमालक संस्था आणि कौन्सिलनं आवाजाच्या तक्रारीला उत्तर म्हणून पाठवलेल्या पहिल्याच पत्रात मध्यस्थीचा पर्याय ठळक छापावा. कंपन्यांनी बाहेरचा, निःपक्षपाती मध्यस्थ स्वतःच्या खर्चानं द्यावा. मराठी मंडळींनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून थोडा पैसा बाजूला काढून आपल्यातल्या चार-दोन जणांना मध्यस्थीचं प्रशिक्षण द्यावं. इंग्रजीत भांडायला बिचकणाऱ्या आजी-आजोबांना त्याचा पहिला उपयोग होईल.

आणि नोकरदारांनी एक खूणगाठ बांधून ठेवावी: कंपनीतल्या मध्यस्थीमुळे रोजगार ट्रायब्युनलकडे दावा करायची मुदत थांबत नाही. ती थांबवायला ‘एकास’ला वेळेत कळवावं लागतं, आणि ती सेवा फुकट आहे.