सातबारा नसलेल्यांचा कोळसा

२०२३ साली जगानं सुमारे ९०० कोटी टन कोळसा उपसला. निम्म्याहून जास्त एकट्या चीननं. दुसरा नंबर आपला. २०२४-२५ मध्ये आपण १०० कोटी टनांची रेघ ओलांडली आणि दिल्लीत ढोल वाजले. वीज, पोलाद, सिमेंट, वीटभट्टी, सगळ्यांच्या बुडाशी हाच काळा दगड. अजून लाख कोटी टनांच्या वर साठा जमिनीत पडून आहे.

हा हिशेब टनांचा झाला. मला माणसांचा पाहिजे.

खाण येते तेव्हा जमीन जाते. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणात दोन एकरांमागं एक नोकरी. वरवर न्यायच. पण मित्रांनो, सातबारा कुणाच्या नावावर असतो? ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या बांधावर हाडं झिजवली, त्याचे एकर किती? शेत गेलं की मालकाला चेक मिळतो. मजुराची मजुरीच जाते. त्याच्या वाट्याला फार तर थोडी रोकड, नाहीतर ठेकेदाराकडचं काम. जातीनं आधी जमीन नाकारली. आता जमीन नाही म्हणून नोकरी नाकारतात. एकाच माणसाला दोनदा लुटायची ही व्यवस्था!

१९७३ पर्यंत बहुतेक खाणी सरकारी झाल्या. राखीव जागांतून आपली पोरं पगाराच्या रजिस्टरवर चढली. कुणाची मेहेरबानी नव्हती, घटनेनं दिलेला हक्क होता. आज कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी ठेक्याचा माणूस येतो. २०२० पासून व्यापारी खाणींचे लिलाव सुरू झाले. खासगी मालकाला राखीव जागांचं बंधन नाही. म्हणजे कोळसा वाढला नि आपला हक्क आटला.

आता शहाणे लोक म्हणतात, कोळसा बंद करा. ब्रिटननं ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. बंद करायला माझी ना नाही. धूर आणि राख आधी आमच्याच वस्तीवर पडते. पण सूर्याच्या विजेलाही जमीनच लागते, आणि तिथंही मालक बहुतेक खासगीच. कोळसा जाईल, सातबारा तोच राहील.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब झरियाच्या पट्ट्यात स्वतः खाणीत उतरले. १९४४ ला कोळसा कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आधी खाली उतरून बघणं, मग कायदा. आजचे मंत्री वरूनच आकडे मोजतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भूमिहीनालाही खाणग्रस्त म्हणून नोकरी द्या. ठेक्यात, खासगी खाणीत, सौर प्रकल्पात राखीव जागा द्या. हे होत नाही तोवर १०० कोटी टनांचे ढोल आमच्या दारात बडवू नका.