बाळाच्या खुर्चीचा पट्टा

मागच्या महिन्यात मंचरला आमच्या आपांकडे दावत होती. नातवाला दहावा महिना लागलेला. मुलगा सौदीहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने पुण्यातून बाळासाठी उंच खुर्ची आणली. अशा खुर्च्या आता जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कुठल्याही गावात दिसतात. कोणी अकीक्याला भेट देतो, कोणी मोबाईलवरून मागवतो. चार उंच पाय, पाठीला गादी, पुढे काढता-घालता येणारा ट्रे. दुकानदार तिला हाय चेअर म्हणतात, आपा तिला ‘बाळाचं तख्त’ म्हणतात.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर दस्तरखान अंथरला होता. आम्ही सगळे खाली आणि बाळ भिंतीजवळ आपल्या तख्तावर. समोर ट्रेवर मऊ खिचडी, तिच्यात पाचही बोटे. खुर्चीचे पट्टे मात्र मागच्या बाजूला लोंबत होते, एक तर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता. कोणीतरी विचारलेही. आपा म्हणाल्या, “बांधलं की रडतो गं तो. आणि पुढे ट्रे आहे ना, जाणार कुठे?”

सून पाणी आणायला आत गेली. दोन मिनिटेसुद्धा झाली नसतील. बाळ खाली सरकले. ट्रे आणि बैठक यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातून आधी पाय गेले, मग कंबर, मग पोट, आणि हनुवटी ट्रेच्या कडेला अडकली. रडणे नाही, आवाज नाही. मोठी माणसे लग्नाच्या गोष्टीत रंगली होती. आपांची सात वर्षांची नात ओरडली तेव्हा आमच्या माना वळल्या. बाळाच्या मामूंनी झेप घेऊन त्याला खालून उचलले आणि दुसऱ्याने ट्रे ओढून काढला. गळ्यावर लाल वळ उठला होता. डॉक्टरांना दाखवले, अल्हमदुलिल्लाह, काही झाले नव्हते.

त्या रात्री सदका काढला गेला आणि खुर्ची माळ्यावर गेली. पण आणखी एक गोष्ट झाली, तिच्यासाठी हे सगळे लिहीत आहोत. घरातल्या प्रत्येकाने कधी उघड, कधी आडून एकच वाक्य म्हटले: “सुनेचं लक्ष नव्हतं.” ती पोर स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली होती. खोलीत त्या वेळी आम्ही सात मोठी माणसे होतो. लोंबणारे पट्टे सातही जणांनी पाहिले होते. आम्हीही पाहिले होते. आधी उंट बांधावा, मग तवक्कल करावे, ही हदीस आम्ही दरवर्षी वर्गात मुलांना सांगतो. आणि आमच्या डोळ्यांसमोर पट्टा पिशवीत होता.

ट्रे आहे म्हणजे बाळ जाणार कुठे, हा समज फार घरांत आहे. ट्रे जेवण ठेवण्यासाठी असतो. तो बाळाला पुढे पडण्यापासून थोडाफार अडवतो, खाली घसरण्यापासून अजिबात नाही. दहा महिन्यांच्या बाळाची कंबर अरुंद, डोके मोठे. बैठक गुळगुळीत रेक्झिनची, त्यावर खिचडीचा ओलावा. बाळ कंटाळले की पाठ ताणते आणि टाचा रेटते, की घसरले. जिथून कंबर निघते तिथून डोके निघत नाही, धोका नेमका इथेच आहे.

म्हणून खुर्चीतला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे दोन पायांमधून वर येणारा पट्टा. नुसता पोटावरचा पट्टा बांधला तर बाळ त्याच्याही खालून घसरते आणि पट्टा वर सरकत छातीला, मग गळ्याला येतो. हे पटत नसेल तर आपल्या अंगणवाडीतला लटकता वजनकाटा आठवा. ताई बाळाला त्या चड्डीत घालतात आणि आकड्याला टांगतात. बाळ हातपाय झाडते, रडते, पण पडत नाही, कारण कापड दोन्ही पायांच्या मधून गेलेले असते. खुर्चीचा मधला पट्टा तेच काम करतो. कंबरेचे दोन आणि पायांमधला एक, असे तीन टोकांचे पट्टे निदान हवेतच. खांद्यांवरून येणारे आणखी दोन असतील तर फारच बरे, कारण मग बाळाला उभेही राहता येत नाही.

उभे राहणे ही दुसरी मोठी गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरी मुलांचे एक मोठे रुग्णालय आहे, नेशनवाइड चिल्ड्रन्स. तिथल्या संशोधकांनी २००३ ते २०१० या वर्षांतल्या नोंदी तपासल्या. उंच खुर्चीशी संबंधित दुखापतीमुळे त्या देशात दरवर्षी तीन वर्षे आणि त्याखालची सुमारे ९,४०० मुले इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येत होती. बहुतेक पडलेली, आणि मार प्रामुख्याने डोक्याला. पडण्याआधी मूल काय करत होते हे जिथे नोंदले होते, तिथे जवळजवळ दोन तृतीयांश मुले खुर्चीत उभी होती किंवा चढत होती. म्हणजे पट्टा एक तर लावलेला नव्हता किंवा सैल होता. पुढे २०१८ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने या खुर्च्यांसाठी सक्तीचे नियम केले. त्यांत पट्टे तर आहेतच, शिवाय दोन पायांच्या मध्ये कायमचा पक्का अडसर लागतो, म्हणजे आईबाप पट्टा विसरले तरी बाळ निसटू नये. आपल्याकडे खुर्ची घेताना हा मधला खुंटा आहे की नाही, हे हाताने चाचपून पाहावे. रंग आणि कार्टूनची चित्रे नंतर पाहिली तरी चालेल.

पट्टा कसा बांधायचा? कंबरेचा पट्टा पोटावर नको, खाली खुब्याच्या हाडांवर हवा. घट्ट इतका की पट्टा आणि अंग यांच्यामध्ये तुमचे एक बोट जाईल, फार तर दोन. आपल्या भागात थंडीत बाळाला दोन स्वेटर घालतात. त्या मापाने ठेवलेला पट्टा उन्हाळ्यात झबल्यावर ढिला पडतो, तेव्हा दर वेळी नव्याने आवळावा लागतो. बक्कल बंद होताना ‘टक’ आवाज आला पाहिजे. भाताची शिते, केळ्याचा लगदा आत अडकून बक्कल अर्धवट बसते, म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या ब्रशने ते घासावे. मोठ्या कंपनीची खुर्ची म्हणून निर्धास्त राहू नये. आयकिया या स्वीडिश कंपनीनेही २०१२ साली आपल्या अँटिलोप खुर्चीचे पट्टे परत मागवले होते, कारण बक्कल अवचित उघडत होते.

ओढणीने बांधण्याचा उपाय आमच्या मावशींनी सुचवला. तो नको. ओढणी पोटाभोवतीच बांधली जाते, मधून जात नाही, आणि घसरताना वर चढून गळ्याशी येते. पुणे-नाशिक हायवेवरच्या हॉटेलांत आता मुलांच्या खुर्च्या ठेवतात, ही चांगली गोष्ट. पण आम्ही पाहिल्या त्यांतल्या निम्म्यांचे पट्टे तुटलेले किंवा कापलेले होते. अशा वेळी खुर्ची परत करावी आणि बाळाला मांडीवर घ्यावे, वेटर काय म्हणेल याची फिकीर करू नये.

खुर्ची कुठे ठेवायची, यालाही महत्त्व आहे. भिंतीला किंवा टेबलाला खेटून ठेवली तर बाळ पायाने रेटा देते आणि खुर्ची मागे कलंडते. जुन्नरच्या जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली सारवलेली जमीन, दोन्हीकडे एखादा पाय अधांतरी राहतो. आधी रिकामी खुर्ची हलवून बघावी. चाके असतील तर ती अडकवावीत, घडीची असेल तर घडीचा खटका बसला का ते पाहावे. ओटा, चहाचे कप, मोबाईलच्या चार्जरची वायर, यांतले काहीही बाळाच्या हाताच्या टप्प्यात नको.

बाळाला बसवायचे कधी? आधाराशिवाय ते नीट बसू लागले की, त्याआधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास केला होता. आधाराशिवाय बसण्याचे वय ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत कुठेही असू शकते, असे त्यात दिसले. शेजारणीचे बाळ पाचव्या महिन्यात बसले म्हणून आपल्याला उशांचा टेकू देऊन खुर्चीत कोंबू नये. (पांगुळगाड्याबद्दलही हाच उतावळेपणा असतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यावर पुन्हा कधीतरी.)

आमच्या अम्मी विचारतात, ही खुर्ची लागतेच कशाला? मांडी काय वाईट? खरे सांगायचे तर वाईट काहीच नाही. जमिनीवर बसून जेवणाऱ्या घरात बाळाला तीन फूट उंचीवर एकटे बसवायचे, म्हणजे त्याला आपले चेहरे नाही, डोकी दिसतात. ज्यांना परवडते आणि जागा आहे त्यांनीही जमिनीलगतची, पट्ट्याची छोटी बैठक घेतली तर पडण्याची उंचीच उरत नाही. फक्त ती बैठक पलंगावर किंवा ओट्यावर ठेवायची नाही. पण मांडीलाही तिचा धोका आहे: दस्तरखानावरचा गरम शोरबा बाळाच्या हाताला सहज लागतो. आणि जी आई एकटीच घर सांभाळते, किंवा जिची जुळी आहेत, तिच्यासाठी खुर्ची चैन नाही. तिने ती वापरावी आणि पट्टा लावावा.

जेवणाबद्दल एक गोष्ट आपल्या तालुक्यापुरती. जानेवारीपासून नारायणगावची द्राक्षे घराघरांत येतात. अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसते. पाच वर्षांखालच्या मुलाला ते उभे चिरून, चार फोडी करूनच द्यावे. शेंगदाणे, फुटाणे अख्खे नकोत. बाळ ताठ बसलेले असावे, रेलून नाही. घशात अडकलेले मूल खोकत किंवा ओरडत नाही, ते गप्प होते. म्हणून समोर बसायचे, आणि घरातल्या प्रत्येकाला बक्कल एका हाताने, झटकन उघडता आले पाहिजे. १०८ ला फोन कोणी करायचा हेही ठरलेले असावे.

जुन्नर भागात बिबट्याची भीती आहे. उसाच्या कडेला लहान मूल एकटे सोडायचे नाही, हे इथल्या अडाणी म्हातारीलाही सांगावे लागत नाही. तीच म्हातारी खुर्चीतल्या बाळाला सोडून दाराशी भाजीवाल्याशी दहा मिनिटे घासाघीस करते, कारण खुर्ची आपल्याला सुरक्षित जागा वाटते.

आम्ही आमच्या सहावीच्या वर्गात सहज विचारले, घरी धाकट्या भावंडाला कोण भरवते? मुलींचे जवळजवळ सगळे हात वर गेले, मुलांचेही बरेच. मग फळ्यावर खुर्ची काढली आणि एकेकाला विचारले, बाळ कुठून निसटेल? निम्म्या मुलांनी वरून सांगितले, बाजूने सांगितले. ट्रेखालून, असे फक्त दोघींनी. त्या दोघींच्या घरी खुर्ची होती.

आपांनी परवा फोन केला. खुर्ची माळ्यावरून खाली आली आहे. पहिले तीन दिवस बाळ पट्ट्यात रडले, चौथ्या दिवसापासून बक्कलशी खेळू लागले. सात वर्षांची नात आता पहारेकरी झाली आहे. ‘टक’ ऐकू आल्याशिवाय ती कोणाला वाटी उचलू देत नाही, दादीलाही नाही. सून मात्र अजून त्या खुर्चीत त्याला बसवत नाही, मांडीवर घेऊनच भरवते. आपा म्हणाल्या, तिला जरा समजावून सांगा. आम्ही म्हटले, आधी तुम्ही तिला सांगा की त्या दिवशी चूक तिची नव्हती. आपा थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “रविवारी या.”