कढीपत्त्याची फांदी आणि काउंटीचा सल्लागार

आपल्या मंडळींत कुणाच्या अंगणात कढीपत्ता आहे, ही बातमी फार काळ गुप्त राहत नाही. ज्याच्याकडे झाड, त्याच्याकडे पाहुण्यांची रीघ! आणि परतताना प्रत्येकाच्या पिशवीत डहाळी असतेच. आम्हीही त्यातलेच. काही वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसच्या स्नेह्यांनी दिलेले रोप आम्ही मागच्या सीटवर ठेवून, तान्ह्या मुलासारखे जपत बे एरियात आणले.

वसंतात त्याची कोवळी पाने मुरडू लागली. कुणी ताक घाला म्हणाले, कुणी हळदीचे पाणी. आम्ही दुकानातून एक औषध आणून फवारलेसुद्धा. ही पाने आमटीत पडायची आहेत, हे नंतर सुचले! शेवटी एका शेजारणीने सांगितले, ‘कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शनला फोन करा, फुकट आहे.’

सरकारी कचेरी म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो. नाव विचारतील, व्हिसा विचारतील. त्यांनी यातले काहीच विचारले नाही. एकच प्रश्न विचारला, ‘रोप कुठून आणले?’ आणि आम्ही गप्प झालो.

कारण असे. सिट्रस सिलिड नावाचा, तिळाएवढा एक किडा आहे. लिंबू-संत्र्याच्या झाडांना तो ‘ग्रीनिंग’ हा रोग देतो. या रोगावर उपाय नाही, झाड मरतेच. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्याला स्वतःला हा रोग होत नसला, तरी त्याच्या कोवळ्या पानांवर हा किडा आनंदाने अंडी घालतो. फ्लोरिडात किडा १९९८ साली सापडला, रोग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये जेमतेम दीड कोटीच्या आसपास. त्या वर्षी चक्रीवादळही झाले होते, पण बागा आधीच खचल्या होत्या त्या या रोगाने. कॅलिफोर्नियात किडा २००८ साली आला आणि २०१२ साली रोगाचे पहिले झाड सापडले. तेही मळ्यात नव्हे, लॉस एंजेलिस काउंटीत एका घराच्या अंगणात! म्हणूनच किडा असलेल्या भागातून रोप वा फांदी बाहेर नेण्यास बंदी आहे. आमची गाडी तर सेंट्रल व्हॅलीतून, संत्र्यांच्या मुलखातूनच आली होती.

सुदैवाने आमच्या रोपावर निघाला तो साधा मावा. रोप मात्र हातचे गेले. नंतर परवानाधारक नर्सरीतून दुसरे घेतले. कुणी रागावले नाही, की दंड झाला नाही.

हे सांगण्याचे कारण, या खात्याचे काम मुळात सल्ला देण्याचे आहे. बंदी अमलात आणणारे खाते वेगळे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेतकीची विद्यापीठे उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथले ज्ञान लोकांच्या दारी नेण्याची सोय झाली. खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून करतात, म्हणजे आपल्याच करातून. आपली राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठेही याच धर्तीची. लहानपणी दूरदर्शनवर ‘आमची माती, आमची माणसं’ लागले की आपण कंटाळून उठून जात असू. आज आपणच अंगणात मेथी-अळू लावून हैराण होतो आणि विचारतो कुणाला, तर फोनवर आईला. आईला कोकणातली माती कळते, इथली नव्हे!

दोष एकट्या आपलाच नाही. पत्रके इंग्रजीत असतात, क्वचित स्पॅनिशमध्ये. कढीपत्त्याची डहाळी आपल्या घरोघर कशी फिरते, हे त्या सल्लागारांना कोण सांगणार? आपण गेलोच नाही तर त्यांना कळणार कसे? बंदीची पाटी लावून आपली फोडणी थांबणार नाही. पण कारण समजले तर आपली माणसे ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. देशातून येताना बॅगेत ताजा कढीपत्ता आणणाऱ्यांनाही हेच सांगणे. विमानतळावर पकडला जाईल ही भीती दुय्यम, शेजाऱ्याचे लिंबाचे झाड आपल्यापायी मरेल ही खरी.

म्हणून कार्यकारिणीला आमची सूचना आहे. वसंतातल्या सहलीला यंदा एका ‘मास्टर गार्डनर’ला बोलवावे. हे विद्यापीठाने शिकवून तयार केलेले स्वयंसेवक असतात. तासभर त्यांना आपले प्रश्न विचारू, आपल्या भाज्या त्यांना दाखवू. बटाटेवडे आम्ही करून आणू.

मात्र येताना मुरडलेल्या पानांचे फोटो आणा. फांद्या आणू नका!