मुंगीला पाय किती?

चौथीच्या वर्गाला मी एकदा चाचणीत विचारलं, मुंगीला पाय किती? निम्म्याहून जास्त मुलांनी 'चार' लिहिलं. मुंगी काही औरंगाबादेत दुर्मिळ नाही. आमच्या वर्गाच्या उंबरठ्यावरून तिची रांग रोज जाते. मुलांनी ती हजार वेळा पाहिली होती, पण नीट पाहायला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून गृहपाठ दिला: एक मुंगी शोधा, पाच मिनिटं तिच्याकडे बघा आणि तिचं चित्र काढा.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीतलं पान फाडलेलं होतं. शाळा सुटल्यावर तिचे अब्बा फाटकापाशी थांबलेले दिसले. मोटार वाइंडिंगचं काम करणारा, अदबीने बोलणारा माणूस. म्हणाले, "मिस, बच्ची को जानदार की तस्वीर नक्को बनाने देव." मी 'ठीक है भाई' म्हटलं आणि घरी आले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. वाद घालायची माझी तयारी नव्हती.

मग मी सोयीचा रस्ता धरला, भूमितीचा. त्याबद्दल आधी चांगलंच सांगते, कारण ते खरोखर चांगलं झालं.

मुलींना घरून एकाच मापाच्या जुन्या बांगड्या आणायला सांगितल्या. एक बांगडी मध्ये ठेवायची आणि तिला चिकटून भोवती बाकीच्या लावत जायच्या. बरोबर सहा बसतात. फट उरत नाही आणि सातवीला जागा होत नाही. मुलांना ते पटेना. 'अजून एक घुसव' म्हणत ढकलाढकली झाली. मोठ्या मापाच्या बांगड्या घेतल्या, तरी सहाच. मग बांगड्यांच्या कडेने पेन्सिल फिरवून गोल काढले, त्यांचे मध्य पट्टीने जोडले आणि कागदावर षटकोन उभा राहिला. त्याच्या पोटात सहा सारखे त्रिकोण. दोन त्रिकोण रंगवले की दोन षष्ठांश, म्हणजेच एक तृतीयांश. अपूर्णांक म्हटलं की पाणी प्यायला पळणारा एक मुलगा त्या दिवशी दुसऱ्यांना समजावत बसला होता. फळ्यावर हाच हिशेब मी पंधरा दिवस करून दाखवला होता, त्याने काही झालं नव्हतं.

नंतर बीबी का मकबरा पाहायला गेलो. कबरीभोवतीची संगमरवरी अष्टकोनी जाळी मुलं बोटांनी मोजत होती आणि कुठला आकार पुन्हा येतो ते वहीत उतरवत होती. ही वास्तू 1660-61 ची. तिचा वास्तुकार अताउल्लाह, म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. दारावर त्याच्यासोबत हंसपतराय या कारागिराचंही नाव आहे. एका फेरीत गणित, इतिहास आणि चित्रकला तिन्ही विषय झाले.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'कला-समन्वित शिक्षण' असं भारदस्त नाव आहे ते याचंच. वर्गात मात्र चित्रकला म्हणजे शनिवारचा शेवटचा तास, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला जातो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेचा अर्धवेळ शिक्षक आहे, पण सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभराच्या वर असला तर. पहिली ते पाचवीत चित्रकलेची बाई मीच. पूर्वी याची मला तक्रार होती. आता वाटतं, गणित, परिसर अभ्यास आणि चित्र एकाच बाईकडे असेल तर वेगळा तास कुणाकडे मागायचा कशाला?

जाळ्यांवर सगळेच खूश होते. त्या मुलीच्या अब्बांनी तर बांगड्यांचा डबाच पाठवला. मीही खूश. आणि इथेच मी चुकले, कारण वर्ष संपत आलं तरी माझ्या वर्गाने एकही पान, बेडूक, हात किंवा चेहरा पाहून काढला नव्हता. मुंगीला पाय किती हे मुलांनी शेवटी पाठच केलं.

'इस्लामी कला म्हणजे भूमिती, वेलबुट्टी आणि खत्ताती' हे वाक्य आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. ते अर्धंच खरं आहे. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या दरबारात 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य सचित्र तयार झालं. आफताबी नावाच्या कवीचं. हुसेन निजामशहा आणि राणी खुंजा हुमायून, म्हणजे चांदबिबीचे आईवडील, त्या चित्रांत आहेत. ही पोथी आज पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या काही चित्रांत राणीची आकृती नंतर रंगाने झाकून टाकलेली आहे. चित्र काढणारे इथलेच होते आणि झाकणारेही.

मी मुफ्ती नाही. जानदाराच्या चित्राला मनाई करणारे उलेमा आहेत, हे मला माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनी चित्रांच्या बाजूने लिहिलं, हेही माहीत आहे. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची हदीस तर बुखारीतच आहे. बापाच्या श्रद्धेपुढे नऊ वर्षांच्या मुलीला उभं करून 'आता निवड' म्हणणं मला जमणार नाही. पण त्याची किंमत काय, हे तरी बापाला कुणीतरी सांगायला हवं. पुस्तकात चित्रं आहेत, आधारवर फोटो आहे, मोबाइलवर रात्रभर रील चालतात. बघायला सगळं चालतं, फक्त मुलीने स्वतःच्या हाताने काढायला चालत नाही. मग तिने आयुष्यभर दुसऱ्याने काढलेलंच बघायचं का?

हे मी त्यांना फेब्रुवारीत बोलले. आधी बोलायला हवं होतं. तुमच्यापैकी जे डी.एल.एड. करताहेत त्यांना हे फाटकापाशी कधीतरी बोलावंच लागेल, आणि ज्यांच्या घरात लहान भावंडं आहेत त्यांना जेवायला बसल्यावर. फक्त त्या बापाची टिंगल करू नका. तो मुलीला शाळेत पाठवतोय आणि मास्तरणीशी बोलायला स्वतः येतोय.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सिर छोड के निकाली तो चलता." धड बिनडोक्याचं असेल तर ते चित्र जानदाराचं राहत नाही, अशी समजूत आहे. मला ते चमत्कारिक वाटलं. पण फाटलेल्या पानापेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी उंबरठ्याशी भिंग घेऊन पालथी पडली होती. पोट, छाती, आणि छातीलाच जोडलेले सहा पाय, तीन इकडे, तीन तिकडे. सगळं बरोबर. मग पेन्सिल थांबली.

"मिस," तिने विचारलं, "मुंगीच्या मिशा तर डोक्यावर असतात ना? त्या कुठे काढू?"