तेरा वर्षांची बरणी

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरहून एका भगिनीचं पत्र आलंय. सासूबाईंनी घातलेलं बिनतेलाचं लिंबाचं लोणचं त्यांनी तेरा वर्षं जपलं. सासूबाई आता नाहीत. लेक पहिलटकरीण, माहेरी आलेली, तोंडाला चव नाही; म्हणून मोठ्या आशेनं दादरा सोडला. आत पाहतात तो काळ्या कडक फोडी, खार पार आटलेला, वर पांढरा थर, आणि जिभेवर नुसतं मीठ नि कडूपणा! ‘त्यांच्या हातचं असं कसं निघालं? लेकीला द्यावं का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी लेकीचं बघू. थर थोडासा चमच्यानं काढून कोमट पाण्यात टाका. पूर्ण विरघळला तर ते मीठ. खार आटला की खडे वर येतातच. पण थर लोकरीसारखा असेल, हिरवा-काळा ठिपका दिसला किंवा कुबट वास आला, तर बरणी सरळ रिकामी करा. वरची बुरशी काढून खालचं खायची पद्धत घरोघरी आहे, मला ती मुळीच पसंत नाही. बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते. आणि मीठच निघालं तरी लेकीला अगदी नखभर. पाय सुजत असतील, रक्तदाब वाढला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेवढंही नको.

काळ्या रंगाची मात्र धास्ती नको. लिंबातली साखर आणि क जीवनसत्त्व वर्षानुवर्षं बदलत जातं, त्यानं फोड आधी तपकिरी, मग काळी होते. म्हणजे जुन्या लोणच्यात जीवनसत्त्व भरपूर, ही समजूतही गेलीच म्हणा!

राहिला सासूबाईंचा हात. त्याला कशाला बोल लावायचा? फडक्याचा दादरा धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. आपल्या वऱ्हाडातले तेरा उन्हाळे त्या बरणीनं सोसले! लोणचं वर्ष-दोन वर्षांत मुरतं, पुढं ते बरंचसं नुसतं आटत जातं. तिकडे पोर्तुगालात डौरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट नावाची गोड दारू करतात. निवडक सालांची पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त, बाटलीत मुरवतात, किंमतही तशीच. तरी एखादी उघडावी तर बूच बिघडल्यामुळं ओल्या पुठ्ठ्याचा वास! तिथं बाटली ओतून देण्यावाचून इलाज नसतो. तुमचं तसं नाही.

लोणचं स्वच्छ असेल तर फोडी बुडतील इतका ताज्या लिंबांचा रस घाला. पाणी नको, पाण्यानं बुरशी धरते. बिया वेचून टाका, कडूपणा बराचसा त्यांचाच. कोरड्या लाकडी चमच्यानं हलवत आठवडाभर उन्हात ठेवा, मग महिनाभर हात लावू नका. कडू राहिलंच तर थोडा गूळ. झाकण धातूचं नको, आंबट खारानं ते खाल्लं जातं.

आणि हिवाळ्यात पातळ सालीची कागदी लिंबं मिळाली की किलोला पाव किलो मीठ धरून नवी बरणी घाला. एक मोठी घालण्यापेक्षा दोन-तीन लहान बऱ्या, प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी. सासूबाई हळद-मिरची किती घालायच्या, ओवा घालायच्या की नाही, हे तुम्हाला आठवतंय तोवर लेकीला वहीत उतरवून घ्यायला सांगा.